व्होल्टेज सुधारलं, पण कोणाचा लोड कापून?

स्थानिक वीजजाळ्यातलं व्होल्टेज लवचिक लोडने सांभाळणं, या विषयावर वाचायला लागलात की एक जाळं तुम्हाला पुन्हापुन्हा भेटेल : ३३-बस सिस्टीम. ‘बस’ म्हणजे जाळ्यातला एक बिंदू. बारान आणि वू यांनी १९८९ मध्ये हे जाळं वापरलं ते स्विच बदलून लाईन लॉस कमी करण्याच्या प्रश्नासाठी. १२.६६ किलोव्होल्ट, एकूण ३.७१५ मेगावॅट लोड, तिन्ही फेज समतोल. १८व्या बसवर व्होल्टेज ०.९१ पर्यंत उतरतं. म्हणजे दुखणं तयारच, औषध तुम्ही दाखवायचं.

मग पेपरात काय होतं? प्रत्येक बसवरचा काही टक्के लोड लवचिक धरतात : गीझर, ईव्ही चार्जर, शेतीपंप, थोडा मागेपुढे चालवता येईल असं काहीही. ऑप्टिमायझेशनला सांगतात, कमीत कमी लोड कापून व्होल्टेज ०.९५ च्या वर आण. ग्राफ छान येतो. माझा आक्षेप ग्राफवर नाही. त्यात जे दिसत नाही त्यावर आहे. कापला कोणाचा लोड?

छोटं गणित करून बघा. २३० व्होल्टची सिंगल फेज लाईन, जाऊन-येऊन शेवटच्या घरापर्यंत रेझिस्टन्स ०.५ ओहम, मधल्या घरापर्यंत ०.२५. शेवटच्या घराने ३ किलोवॅट कमी केले, तर तिथलं व्होल्टेज साधारण ६.५ व्होल्टने वाढतं. तेच ३ किलोवॅट मधल्या घराने कमी केले, तर शेवटच्या घराला जेमतेम ३.३ व्होल्ट मिळतात. साहजिकच ऑप्टिमायझेशन दर वेळी शेवटच्याच घराकडे बोट दाखवणार.

आता त्या घराच्या जागी फीडरच्या टोकाचा शेतीपंप ठेवा. व्होल्टेज पडलं की मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं, जळतंही. आधीच नुकसान सोसणाऱ्या शेतकऱ्यालाच आपला अल्गोरिदम सांगतो, तू पंप बंद ठेव. लाईन लांब आहे, तार बारीक आहे, यात त्याचा काय दोष? ‘प्रतियुनिट मोबदला देऊ’ हे उत्तर अपुरं आहे. पाण्याची पाळी चुकली तर पिकाचं नुकसान युनिटच्या दराने मोजता येत नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. भार वाटून घेतला तर एकूण जास्त लोड कापावा लागतो. वरच्याच उदाहरणात दोन्ही घरांनी सारखा वाटा उचलायचा, तर प्रत्येकी २ म्हणजे एकूण ४ किलोवॅट लागतात. एकट्या शेवटच्या घराकडून ३ पुरतात. हा १ किलोवॅट म्हणजे न्यायाची किंमत. ती द्यायची की नाही, हा निर्णय वीजग्राहकांचा आणि नियामकांचा; पण पेपरात ती दिसायला तरी हवी ना?

म्हणून रिसर्च प्रपोजल लिहिताना रिझल्टच्या टेबलात एक कॉलम जास्तीचा ठेवा : प्रत्येक बसचा लोड किती तास कापला. दुसऱ्याचा पेपर वाचतानाही तोच कॉलम शोधा. सापडला नाही, तर तुमचा संशोधनाचा प्रश्न कदाचित तिथेच आहे.