खिडकीसमोरची भिंत

महानगरीय साहित्यात खिडकी आली, की आपण समीक्षक तिला तत्काळ प्रतीक ठरवतो: एकाकीपण, परात्मता, दुरावलेले गाव. अध्यापनाच्या काळात मीही हेच करीत आलो. खिडकीसमोर प्रत्यक्षात काय आहे, हा प्रश्न आपल्याला साहित्यबाह्य वाटत आला.

रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास या समजुतीला धक्का देतो. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्ण थोडे होते, निष्कर्ष फार ताणू नये, हे खरे.

मुंबईच्या चाळीला मात्र हा निकष जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि इथेच मराठी साहित्याची साक्ष मोलाची ठरते. बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. गिरणगावात खिडकीतून झाड दिसण्याचे भाग्य थोड्यांचेच. पण दाराबाहेर सामायिक गॅलरी होती. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील (१९५८) विनोद अशा शेजारावाचून संभवतच नाही. चाळकऱ्याच्या नजरेला विसावा होता तो माणसांचा. (हीच गॅलरी स्त्रियांवर पहाराही ठेवीत असे, तिचे गोडवे गाणाऱ्यांना याचा सोयीस्कर विसर पडतो.)

जयवंत दळवी यांची ‘चक्र’ (१९६३) झोपडपट्टीत शिरली. तेथे सुखाचा लवलेश नाही, तरी दार रस्त्यावर उघडते. पुढे अशाच वस्त्यांतील अनेकांना पक्की घरे मिळाली. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये दोन इमारतींत अवघे तीन मीटर अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. समोर दुसऱ्याचीच खिडकी, म्हणून पडदा ओढलेला. ऊन आणि वारा यांचा हा अभाव आणि तेथील क्षयरोग यांचा संबंध २०१८ मधील एका अभ्यासाने पुढे आणला. झोपडीत राहणाऱ्याला भिंत मिळाली आणि त्याचा उंबरठा गेला.

या स्थित्यंतराची कादंबरी माझ्या वाचनात नाही. झोपडीपर्यंत पोचलेले आपले गद्य या जिन्यांपाशी का थबकले, हे कोणीतरी तपासायला हवे. उद्या तेथून एखादी कथा आली आणि तिच्यातील खिडकी दिवसभर बंद असली, तर आम्ही तिच्यात पुन्हा परात्मताच वाचू. पडद्यामागचा खोकला आम्हांला ऐकू येईल, याची मला खात्री वाटत नाही.