‘भारताची भूमिका’ नेमकी कुठे ठरते? पुटनम आणि वसमतची हळद

संशोधन आराखड्यात ‘भारताची भूमिका’ असं लिहिलंत, की पुढचा प्रश्न येणारच: ही भूमिका ठरवली कोणी? बहुतेक विद्यार्थी इथे रॉबर्ट पुटनम यांचा १९८८ चा ‘दुहेरी पातळीवरचा खेळ’ हा लेख जोडतात आणि पुढे जातात.

पुटनम सांगतात, वाटाघाटी करणारा एकाच वेळी दोन टेबलांवर बसलेला असतो. परदेशात करार करायचा आणि घरी तो मान्य करून घ्यायचा. १९७८ च्या बॉन शिखर परिषदेला हे छान लागू पडतं. पण आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या हळदीला लावून बघा.

अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं कोडेक्समध्ये ठरतात. २०२४ च्या सुरुवातीला कोची इथे कोडेक्सच्या मसाला समितीने हळदीच्या मानकाचा मसुदा अंतिम केला. मानकं ऐच्छिक आहेत. पण ओलावा, कर्क्युमिन यांच्या मर्यादा निर्यातीच्या सौद्यात उतरतात. म्हणजे हळद शिजवणं, वाळवणं या वसमतच्या शेतातल्या कामांशी त्यांचा थेट संबंध आहे.

आता घरचं टेबल शोधा. कोडेक्सचा राष्ट्रीय संपर्क एफएसएसएआयकडे, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत. मसाला समितीचं सचिवालय मात्र स्पायसेस बोर्डाकडे, ते वाणिज्य मंत्रालयाखाली. शेती हा राज्यसूचीतला विषय. मसुद्यावरचं मत ‘शॅडो कमिटी’त आधीच घडवलं जातं. नंतर संसदेची मंजुरी वगैरे लागत नाही.

माझा आक्षेप इथे आहे. सुरुवातीची भूमिका ठरवताना घरी चर्चा होते, हे पुटनमही मान्य करतात. पण त्यांच्या मांडणीचा भर नंतरच्या संमतीवर आहे. आपल्या उदाहरणात खरं राजकारण आधीच होऊन जातं. नकाराधिकार कोणाला, यापेक्षा मसुदा वेळेत कोणाच्या हातात पडतो, हे महत्त्वाचं ठरतं. वसमतच्या शेतकऱ्याचं म्हणणं तिथवर कोणत्या वाटेने पोचतं, हा प्रश्न पुटनमची चौकट आपणहून विचारत नाही.

म्हणून पुटनम टाकून देऊ नका, पण त्यांच्यावर थांबूही नका. युरोपीय संघातल्या देशांच्या अंतर्गत समन्वयावरचा अभ्यास वाचा. तिथे मंत्रालयांमधली ओढाताण हाच मुख्य विषय असतो. मग कोडेक्सच्या संकेतस्थळावर देशांचे लेखी अभिप्राय बघा. भारताच्या अभिप्रायातलं एक वाक्य निवडा आणि ते कुठून आलं, याचा मागे मागे माग काढा. आराखड्यासाठी एवढा प्रश्नही पुरेसा आहे.