स्टेम सेल्स कॅन्सर पसरवतात म्हणजे नक्की काय? २००७ चा एक पेपर

'स्टेम सेल्समुळे स्तनाचा कॅन्सर पसरतो' असं कुणी म्हणालं, की आधी विचारा, कुठल्या स्टेम सेल्स? ट्यूमरमधल्या 'कॅन्सर स्टेम सेल्स' वेगळ्या आणि अस्थिमज्जेतल्या मेझेन्कायमल स्टेम सेल्स वेगळ्या. या दुसऱ्या कॅन्सरच्या पेशी नव्हेतच. आंत्वान कार्नूब, रॉबर्ट वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचा 'नेचर'मधला पेपर (२००७) या दुसऱ्यांबद्दल आहे.

प्रयोग ऐकायला साधा. माणसाच्या स्तनकर्करोगाच्या पेशींत या स्टेम सेल्स मिसळून उंदरांच्या कातडीखाली टोचल्या, आणि कॅन्सर पसरण्याचं प्रमाण बरंच वाढलं. कॅन्सरपेशींच्या सहवासात स्टेम सेल्स सीसीएल५ नावाचं केमोकाइन सोडू लागतात. ते कॅन्सरपेशींच्याच सीसीआर५ रिसेप्टरवर काम करतं आणि त्या जास्त हलू लागतात, आजूबाजूच्या ऊतीत घुसतात.

माझ्या मते पेपरचा खरा जीव पुढच्या निष्कर्षात आहे, आणि घाईत वाचणारे नेमका तोच गाळतात: हा परिणाम उलटतो. फुप्फुसात पोचलेल्या पेशी काढून पुन्हा एकट्याच टोचल्या, तर त्यांचा वाढलेला जोर टिकत नाही. म्हणजे स्टेम सेल्सनी मुळातच जास्त आक्रमक पेशी निवडून पुढे पाठवल्या, हे स्पष्टीकरण बाद होतं. एक शंका आधीच ओळखून तिच्यासाठी प्रयोग रचला, ही खरी हुशारी. तुमच्या प्रपोजलमध्ये असा एक तरी प्रयोग हवा.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पेपर या पेशींना कमी पसरणाऱ्या म्हणतो. पण त्यातली एमडीए-एमबी-२३१ ही सेल लाइन मुळात एका रुग्णाच्या छातीतल्या पाण्यातून मिळाली होती. माणसात ती आधीच पसरलेली! तेव्हा 'कमी' हे या उंदरांपुरतं, त्या कातडीखालच्या जागेपुरतं. (स्तनाच्या ऊतीऐवजी कातडीखालीच का, हेही विचाराच.)

त्याहून मोठी अडचण वेगळीच. माणसाच्या पेशी नाकारल्या जाऊ नयेत म्हणून उंदीर दुबळ्या प्रतिकारशक्तीचे घ्यावे लागतात. आणि सीसीएल५ची जुनी ओळखच मुळी टी पेशींना बोलावणारा रेणू अशी! ज्यांना तो हाक मारतो तेच घरात नाहीत. बाजूला काढलेला घटक गौण असता तर चाललं असतं, इथे तो प्रश्नाच्या मध्यभागी आहे.

सीसीआर५ अडवणारं मॅराविरॉक हे एचआयव्हीचं औषध बाजारात आहे, त्यामुळे 'मग तेच देऊन बघू' असं वाटणं साहजिक आहे. पण सीसीआर५ टी पेशींवरही असतो. तो अडवल्यावर फायदा रुग्णाचा होईल की ट्यूमरचा, हे या उंदरांना विचारून कळणार नाही.