छप्पर उडालेल्या घरातली गाणी

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरावर २०२० च्या मार्चमध्ये एका रात्री चक्रीवादळ कोसळले. गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज या गायक-जोडीच्या ध्वनिमुद्रणगृहाचे छप्पर उडाले. काळोखात, गळत्या पाण्यात त्यांनी आपल्या जुन्या फिती वाचवल्या. ‘वुडलँड’ हे त्या वास्तूचे नाव. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचेही तेच.

गाणी दहा, पण रडगाणे एकही नाही. पहिल्याच गाण्यात रिकाम्या मालगाडीतून आरपार आकाश दिसते. गमावण्याची सारी जाणीव त्या एका चित्रात येते. ‘हॅशटॅग’ या गीतात २०१६ साली वारलेल्या गाय क्लार्क या गीतकार-स्नेह्याची आठवण आहे. तिथेही गळा काढलेला नाही.

काही गाण्यांत ढोल आणि व्हायोलिनांचा ताफा आला आहे. तिथे मला किंचित गर्दी वाटली. वेल्चबाईंचा संथ, कोरडा स्वर आणि त्याला बिलगलेला रॉलिंग्ज यांचा आवाज, एवढ्यावरही गाणे तोलून उभे राहते. ‘हाउडी हाउडी’ हे शेवटचे गीत त्याची साक्ष आहे.

२०२५ साली या ध्वनिमुद्रिकेला लोकसंगीताचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पण रसिकहो, पारितोषिकासाठी ती ऐकू नका. पाहुणे पांगले, पणत्या मंदावल्या की ऐका. दुःख सांगताना आवाज चढवावा लागत नाही, हे तेव्हा अधिक पटेल.