मराठी आत्मकथनाची भरारी आणि चरित्राची मंद चाल

मराठी गद्याचा आरंभच एका माणसाच्या आठवणींतून झाला. चक्रधरस्वामींच्या पश्चात त्यांच्या शिष्यांकडून त्यांच्या लीळा गोळा करून म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. स्वामी कुठे थांबले, काय जेवले, कुणाला काय बोलले, अशा बारीकसारीक तपशिलांतून तिथे एक व्यक्ती उभी राहते. पुढे बखरी लिहिल्या गेल्या. जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेली शिवचरित्राची बखर त्यांतली सर्वांत महत्त्वाची. मात्र बखरीचे लक्ष राज्यावर आणि पराक्रमावर होते. साध्या माणसाने स्वतःबद्दल गद्यात सविस्तर लिहावे, ही प्रथा रुजायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

या प्रथेला बळ दिले ते प्रामुख्याने स्त्रियांनी. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये आले. त्यात लेखिका स्वतःला मागे ठेवून पती न्यायमूर्ती रानडे यांचे चित्र रेखाटते. तरीही घरातल्या बायकांचा विरोध सोसत शिकणारी रमा त्या पानांतून दिसत राहते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. पती ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांशी चाललेला झगडा आणि अखेर स्वतःच्या विचाराने केलेले धर्मांतर हे सारे त्या बोलीच्या सहजतेने सांगतात. पतीविषयीचे प्रेम आणि त्याच्या विक्षिप्तपणाची नोंद एकाच वाक्यात नांदू शकते, हे या पुस्तकाने दाखवून दिले. पुढे हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ आणि सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (1990) यांनी संसारातल्या नात्यांचा हिशेब अधिक उघडपणे मांडला.

आत्मकथनाचा दुसरा मोठा टप्पा 1978 मध्ये दया पवारांच्या ‘बलुतं’ने सुरू झाला. या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. सोसणारा आणि लिहिणारा अशी एकाच माणसाची झालेली ही फाळणी जातिव्यवस्थेने दिलेल्या जखमेचेच रूप आहे. त्यानंतर लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (1980), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (1984) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) आले. गावकुसाबाहेरची आणि पालांवरची बोली त्यांनी छापील मराठीत आणली. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ मोठा आहे. वस्तीवरची भूक, बाळंतपणे आणि आंबेडकरी चळवळीने जागी केलेली उमेद सांगताना त्या घरातल्या पुरुषांचा जाचही लपवत नाहीत. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ने (2003) हा धागा पुढे नेला. आत्मचरित्र हे कीर्तिवंतांनी उतारवयात लिहायचे असते, ही समजूत या लेखनाने मोडली.

चरित्राने मात्र अशी झेप घेतली नाही. न. चिं. केळकरांचे त्रिखंडी टिळकचरित्र, चांगदेव खैरमोडे यांचे बारा खंडांतले आंबेडकरचरित्र आणि धनंजय कीर यांची चरित्रे हे परिश्रमाचे मोठे दाखले आहेत. खैरमोड्यांनी जमवलेली पत्रे आणि आठवणी नसत्या, तर पुढच्या अभ्यासकांची वाट कठीण झाली असती. तरीही मराठी चरित्राचा सर्वसाधारण ओढा गौरवाकडेच राहिला. चरित्रकार हा बहुधा अनुयायी, आप्त किंवा शिष्य असतो. नायकाच्या चुका लिहिणे त्याला कृतघ्नपणा वाटतो. वाचकांनाही चरित्रातून स्फूर्ती हवी असते. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (1981) अनेक पिढ्यांनी याच ओढीने वाचले. ही ओढ निरोगी आहे, पण चरित्राची ती एकमेव कसोटी ठरली की माणूस हरवतो आणि आदर्श तेवढा उरतो.

दुसरी अडचण चरित्रात्मक कादंबरीची. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण बोलके आहे. काशीबाई कानिटकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पत्रांच्या आधारे त्यांचे चरित्र लिहिले होते. पण बहुसंख्य वाचकांच्या मनातली आनंदी घडली ती श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या 1968 च्या कादंबरीतून. कल्पित संवाद आणि प्रत्यक्ष पुरावा यांतला फरक त्यात पुसला गेला. अंजली कीर्तने यांनी पुढे पुन्हा मूळ साधनांकडे जाऊन संशोधनपर चरित्र लिहिले. अशी परतफेरी प्रत्येक नायकाच्या वाट्याला येत नाही. ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ यांच्या लोकप्रियतेमुळे कादंबरीतले प्रसंग इतिहास म्हणून सांगितले जातात, हेही नित्याचे झाले आहे.

म्हणून या दोन प्रकारांचे वाचन वेगवेगळ्या सावधपणाने करावे लागते. आत्मकथनात आठवण हाच पुरावा असतो. लेखक काय गाळतो, कुणावर रोष ठेवतो आणि स्वतःला किती सवलत देतो, हे तिथे पाहायचे. चरित्रात प्रत्येक विधानामागे कोणते पत्र, कोणती दैनंदिनी, कोणाची साक्ष आहे, हे विचारायचे. आत्मकथनाने मराठीला निर्भयपणा दिला आहे. चरित्राला तो यायचा असेल, तर घराघरांतले पत्रव्यवहार आणि दैनंदिन्या रद्दीत न जाता ग्रंथालयांत पोहोचायला हव्यात आणि नायकाविषयीचा आदर न सोडता त्याच्या उणिवा लिहिणाऱ्या चरित्रकाराला वाचकांनी, कुटुंबीयांनी आणि अनुयायांनी मोकळीक द्यायला हवी.