बोर्डिंगची घंटा आणि मुलाचा आवाज

मिशनच्या बोर्डिंगविषयी मराठीत लेखन झालेले नाही, असे म्हणता येणार नाही. १९०३ साली सुरू झालेल्या ‘निरोप्या’पासून मोजले, तर ख्रिस्ती समाजाची मराठी नियतकालिक-परंपरा शतकाहून जुनी आहे आणि शाळा-वसतिगृहांचे वृत्तांत हा तिचा आवडता विषय आहे. त्यात रौप्य व सुवर्ण महोत्सवांच्या स्मरणिकांची भर पडते. परंतु हे लेखन साहित्य म्हणून कोणी तपासलेले नाही. ते पुण्यकर्माचा अहवाल म्हणून वाचले जाते, आणि अहवालाची समीक्षा कोण करणार? ती करावी, असे मला वाटते. कारण या लेखनातून आपल्या मनात बोर्डिंगच्या मुलाचे एक चित्र तयार झाले आहे, आणि ते अपुरे आहे.

अशा लेखांचा साचा ठरलेला असतो. आरंभी जंगल, गरिबी आणि अज्ञान. मग पायी किंवा सायकलवरून आलेले आद्य मिशनरी. त्यानंतर पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या रोझरीपर्यंतचा दिनक्रम : प्रार्थना, अभ्यास, झाडलोट, बागकाम, शाळा, फुटबॉल, पुन्हा अभ्यास. शेवटी शालान्त परीक्षेचा निकाल आणि देणगीदारांचे आभार. या साच्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. तो तारखा जपतो, कष्टांची नोंद ठेवतो. उद्याच्या इतिहासकाराला त्याचा उपयोग होईल. मात्र त्यात मुलगा एकवचनात कधी येत नाही. ‘मुले’ उठतात, ‘मुले’ गातात, ‘मुले’ आनंदाने श्रमदान करतात. घंटा ऐकू येते. ती ऐकून अंथरुणात क्षणभर घर आठवणारा मुलगा मात्र दिसत नाही.

हा दोष मराठी भाषेचा नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली वसतिगृहांचा पाया घातला, साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली शाहू बोर्डिंग उभे केले. बोर्डिंग ही महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनातील एक थोर संस्था आहे आणि तिचे पडसाद साहित्यात उमटले आहेत. अमळनेरच्या छात्रालयाची जबाबदारी सांभाळताना साने गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. आपल्या मुलांसाठी कोणी रोज लिहिते, ही जाणीवच त्या वास्तूला घर बनविणारी होती. पुढे दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) बोर्डिंगचे दिवस आले, ते मुलाच्या बाजूने. तेथे संस्थेचा गौरव नाही आणि तिच्यावर खटलाही नाही. शिकत जाणारा दगडू आपल्याच माणसांपासून दूर सरकतो, आणि त्या दूर सरकण्याचे शल्य लेखक लपवीत नाही. शिक्षण देते आणि शिक्षण तोडते, ही दोन्ही सत्ये एकाच मुलाच्या ठायी नांदतात, हे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला शिकविले.

आता आपल्या डहाणू-तलासरीकडे वळू. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाल्यापासून हा मुलूख आपल्याच धर्मप्रांतात आहे. तलासरीचे येशूसंघीयांचे ज्ञानमाता सदन आपणां सर्वांना ठाऊक आहे. साहित्याच्या दृष्टीनेही हा प्रदेश दरिद्री नाही. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) येथल्याच मातीतले. तलासरीजवळच्या झरी गावी मे १९४५ मध्ये वारल्यांची जी प्रचंड सभा भरली, तिथून वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या दारी राबणारा ‘लग्नगडी’ या पुस्तकात भेटतो. बोर्डिंगच्या बाकावर बसलेल्या आजच्या मुलाचा आजा किंवा पणजा तो असू शकतो, हे ध्यानात घेतले, म्हणजे त्या बाकाचे मोल कळते. बाईंच्या राजकीय विचारांशी आपले मतभेद असतील. पण आदिवासी माणसाला नावानिशी आणि स्वाभिमानासह उभे करण्याची त्यांची रीत आपल्या मिशनवृत्तांनी घेण्याजोगी होती.

त्याच वर्षी, म्हणजे १९४५ साली, बोर्डीला ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साथीने ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर रुजले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या पुस्तकाचे बळ शैलीत नाही, निरीक्षणात आहे. मुलाच्या हाताशी काय आहे, तो काय जाणतो, हे पाहून मग त्या शिकवावयास बसतात.

तथापि ही दोन्ही पुस्तकेदेखील बाहेरून आलेल्या थोर स्त्रियांची. मुलाने स्वतः लिहिलेले पुस्तक आपल्या मिशन-साहित्यात का निर्माण झाले नाही, हा खरा प्रश्न आहे.

यावर काही जण म्हणतील की वारली मुलाचा पिंड बोलका नाही. हे म्हणणे टिकत नाही. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी तांदळाच्या पांढऱ्या रेषांनी आपले सारे विश्व जगापुढे मांडले आणि २०११ साली पद्मश्रीचा मान मिळविला. धवलेरीची लग्नगीते, कणसरीच्या कथा, तारप्यावरचा नाच : अभिव्यक्तीची उणीव या समाजात कधीच नव्हती. उणीव होती ती ऐकणाऱ्याची. बोर्डिंगमध्ये येणारा मुलगा घरची बोली दाराबाहेर ठेवून येतो. पुस्तकाची मराठी त्याला परकी, उपासनेची त्याहून परकी. त्याच्या निबंधावर ‘अशुद्ध’ असा तांबडा शेरा पडतो आणि तो पुढच्या वेळी पाठ केलेला निबंध लिहितो. आपल्या स्मरणिकांत विद्यार्थ्यांचे म्हणून जे लेख छापले जातात, ते बहुधा अशा पाठ केलेल्या निबंधांचे भाऊबंद असतात.

ऐकणे टाळले तर काय होते, हे जगाने पाहिले आहे. कॅनडात आदिवासी मुलांसाठी सरकारने चालविलेल्या आणि बऱ्याच अंशी चर्चकडे सोपविलेल्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०१५ साली आपला अहवाल पूर्ण केला. त्याचा आधार माजी विद्यार्थ्यांच्या हजारो साक्षी हा होता. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्या भूमीवर जाऊन क्षमायाचना केली. तेथे मुलांना कायद्याच्या जोरावर घरापासून तोडले गेले. येथे बहुतेक पालक आपण होऊन मुलाला आणून सोडतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या आईबापांना बोर्डिंग हा केवढा आधार असतो, ते येथे काम करणारा कोणीही सांगेल. म्हणून दोहोंना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण धडा एकच आहे : संस्थेचे वृत्त कितीही प्रामाणिक असले, तरी ते मुलाच्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही.

आणि मुलाची साक्ष म्हणजे केवळ तक्रार, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. ओजिब्वे जमातीचे बेसिल जॉन्स्टन दहाव्या वर्षी कॅनडातील येशूसंघीयांच्या मुलांच्या निवासी शाळेत दाखल झाले. त्यांचे ‘इंडियन स्कूल डेज’ (१९८८) हे पुस्तक भूक आणि एकटेपणा सांगते, तितक्याच मोकळेपणाने टोपणनावे, खोड्या, चोरून मिळविलेला खाऊ आणि मैत्री सांगते. वाचताना हसू येते, आणि हसता हसता घसा दाटतो. जेम्स जॉयसच्या ‘पोर्ट्रेट’मधला (१९१६) चष्मा फुटलेला, विनाकारण छडी खाल्लेला लहानगा स्टीफन येशूसंघीयांच्याच बोर्डिंगमधला. त्याच्यामुळे येशूसंघाचे शिक्षणकार्य लहान ठरले नाही. उलट छडी उगारणाऱ्या प्रत्येक हाताला विचार करावा लागला.

आपल्या मुलापाशी सांगण्यासारखे काय नाही? पावसाळ्यात भातलावणी चालू असताना वर्गात बसून खिडकीबाहेर पाहणे. पाड्यावरून भेटीला आलेला, फाटकाशी अवघडून उभा असलेला बाप. मित्रांत वाटून खाल्लेली नागलीची भाकरी. सुट्टीत घरी गेल्यावर आपण थोडे पाहुणे झाल्याची जाणीव. तारप्याचा सूर आणि गायनमंडळातला सूर यांचे एकाच गळ्यात नांदणे. यातील एकेक प्रसंग आपल्या पन्नास अहवालांहून मोलाचा ठरेल.

यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक बोर्डिंगमध्ये एक हस्तलिखित असावे, साने गुरुजींचे होते तसे. फक्त ते मुलांनी लिहावे, आपल्या बोलीत लिहावे, आणि फादर-ब्रदरांनी ते तांबडी शाई बाजूला ठेवून वाचावे. आपल्या या त्रैमासिकानेही त्यातील पाने जशीच्या तशी छापावीत. वसईच्या कुटुंबांनी मिशन रविवारी देणगी दिली, ही चांगलीच गोष्ट आहे. त्याचबरोबर त्या मुलांचे लेखन वाचणे हेही देणेच आहे. शिष्यांनी बालकांना आणणाऱ्यांना दटावले तेव्हा प्रभूने बालकांना जवळ येऊ देण्यास सांगितले, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. मिशन-साहित्याचा पुढचा अध्याय त्या बालकांच्या हातून लिहिला जावा, एवढीच अपेक्षा आहे.