आभासी जगातील अनोळखी संवाद : 'कमिंग ऑफ एज इन सेकंड लाइफ'च्या संदर्भात

२००३ मध्ये खुल्या झालेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगात २००४ ते २००७ या काळात वावरून मानववंशशास्त्रज्ञ टॉम बोएलस्टॉर्फ यांनी क्षेत्रकार्य केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आभासी जगाचा अभ्यास त्याच्याच चौकटीत व्हावा, ही त्यांची भूमिका मैत्री व समुदाय यांच्या विवेचनात फलदायी ठरते. मात्र अनोळखी व्यक्तीशी बोलण्याच्या पहिल्या प्रयत्नापाशीच तिची मर्यादा स्पष्ट होते. तेथे टंकलिखित बोलणे २० मीटरच्या परिघात पोहोचते. समोर 'अवतार' उभा असतो. उत्तर मात्र येत नाही. हा नकार समजावा, की माणूस संगणकापासून उठून गेला आहे, की जोडणीच संथ आहे? अशा अनुपस्थितीची व विलंबाची बोएलस्टॉर्फ आवर्जून दखल घेतात, हे ग्रंथाचे बलस्थान होय. तथापि त्या मौनाचा अर्थ केवळ त्या जगात राहून निश्चित करता येत नाही. परिणामी, प्रतिसाद देणाऱ्यांचे अनुभवच विवेचनाचा मुख्य आधार बनतात आणि ज्याचे अभिवादन अनुत्तरित राहिले, त्याचा एकाकीपणा परिघावरच राहतो. म्हणून ग्रंथातील समुदायचित्र विश्वसनीय असले, तरी ते प्राधान्याने बोलणाऱ्यांचे आहे, असे म्हणावे लागते.